अर्ध्या सुताची गोष्ट

माझे काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवत होते. त्यांच्या तोंडी मिलीमीटर क्वचितच यायचा. इंच, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. "दोन सूत कमी पडतंय", "अर्धं सूत घास अजून" असली वाक्यं ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पुढे इंजिनियरिंगला गेलो, हातात व्हर्नियर आला, मग कॅम्पसमधून आयटीत लागलो आणि व्हर्नियरही सुटला. सूत तर पार विसरूनच गेलो होतो. ते परत आठवलं ते थेट मिशिगनमध्ये, एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये, गेल्या दोन विकांतांत.

तर झालं असं.

मी सध्या ऑनसाइट आहे, डेट्रॉइटच्या एका उपनगरात. ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो ते गृहस्थ सत्तरी पार केलेले. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. मी त्यांना मनातल्या मनात तात्या म्हणतो. (तोंडावर म्हटलं तर "म्हणजे काय?" ची उत्तरं देत बसावं लागेल.) तात्यांच्या गॅरेजात 1974 ची शेव्हरोले नोव्हा आहे. बायकोइतकीच जुनी, असं ते स्वतः म्हणतात, आणि काकू आतून ऐकत असतात!

या नोव्हात 350 इंजिन आहे. 350 म्हणजे घन इंच, आपल्या भाषेत 5.7 लिटर. आठ सिलिंडर, व्ही आकारात. शेव्हरोलेचं हे 'स्मॉल ब्लॉक' घराणं 1955 साली सुरू झालं आणि 350 चा अवतार 1967 च्या कॅमॅरोत पहिल्यांदा आला. अमेरिकेत हौशी लोक सगळ्यात जास्त खोलतात ते बहुधा हेच इंजिन. त्यामुळे त्याचे सुटे भाग बनवणारे ढिगाने, आणि प्रत्येक भागाचे दहा प्रकार. आपल्याकडे बुलेटचं जसं आहे तसं, फक्त शंभर पट.

आता थोडी शाळा घेतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्यांना येतं त्यांनी हा परिच्छेद सोडावा.

या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या पोटात असतो. व्हॉल्व्ह मात्र वर, हेडमध्ये. मधे एक लांब दांडी, पुशरॉड. कॅम दांडीला वर ढकलतो, दांडी एका छोट्या सी-सॉच्या एका टोकाला वर ढकलते, मग सी-सॉचं दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व्ह उघडतं. हा सी-सॉ म्हणजे रॉकर आर्म. जुन्या बुलेटचं आणि अँबॅसडरचं इंजिन याच जातीचं, पुशरॉडवालं. या इंजिनात असे सोळा रॉकर, एका बाजूला आठ. आणि त्या आठांवर तेल बाहेर उडू नये म्हणून जे लांबट झाकण असतं ते व्हॉल्व्ह कव्हर. आपल्याकडचे मिस्त्री त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. आजचा लेख या झाकणाबद्दल आहे. हो, अख्खा लेख!

कंपनीचे मूळ रॉकर म्हणजे पत्रा दाबून केलेली वाटी. स्वस्त, बुटकी, आणि साध्या इंजिनाला आयुष्यभर पुरणारी. तात्यांना मात्र एका जुन्या बाजारात (पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारासारखंच प्रकरण, फक्त पार्किंग चांगलं) ॲल्युमिनियमच्या रोलर रॉकरांचा नवाकोरा संच निम्म्या किमतीत मिळाला. रोलर रॉकरमध्ये मधल्या आसाला सुई बेअरिंग असतात आणि व्हॉल्व्हला टेकणाऱ्या टोकावर छोटं चाक. घर्षण कमी, व्हॉल्व्हची मान घासणं कमी. पण अंगाने जाड. शिवाय त्यांना पक्कं करणारा नटही वेगळा, पॉलीलॉक नावाचा. त्याच्या पोटात आणखी एक स्क्रू असतो, म्हणून तो मूळच्या नटापेक्षा चांगलाच उंच.

पहिल्या शनिवारी तात्यांनी सोळाच्या सोळा रॉकर बसवले. मी पाने देत होतो आणि कॉफी पीत होतो. जुनीच झाकणं वर ठेवली, प्रत्येकी चार बोल्ट आवळले, गाडी सुरू केली.

टक् टक् टक् टक्.

तात्यांना वाटलं, रॉकरची सेटिंग सैल राहिली. झाकण काढलं, परत सेटिंग केलं, परत झाकण. परत टक् टक्. असं तीनदा. तिसऱ्या वेळी मी काकांची युक्ती काढली. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत शिकलो नाही ते काकांच्या शेडमध्ये दोन मे महिन्यांत शिकलो होतो! आवाज रॉकरच्या जागेवरून नाही, झाकणाच्या पत्र्यातूनच येत होता. तेवढ्यात डाव्या बाजूने धूरही यायला लागला. झाकणाच्या कडेतून तेल झिरपून खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं.

झाकण उलटं करून पाहिलं तर आत सगळी हकिगत लिहिलेली होती. मूळच्या झाकणाला आतून पत्र्याच्या छोट्या जिभा असतात. उडालेलं तेल त्यांच्यावरून थेंब थेंब रॉकरवर पडावं म्हणून. नवे जाड रॉकर वर-खाली होताना त्या जिभांना थापट्या मारत होते, हा झाला आवाज. आणि छताला दोन ठिकाणी चकाकणारे गोल ठिपके. तिथे पॉलीलॉक टेकत होते. नट काही हलत नाही, त्यामुळे तो आवाज करत नाही, पण त्याने झाकण वर उचलून धरलं होतं. त्या कोपऱ्यात पॅकिंग दाबलंच जात नव्हतं. हा झाला धूर.

म्हणजे बघा, दोन तक्रारी, दोन वेगळी कारणं, आणि दोन्हींचं मूळ एकच. नवीन रॉकर चांगले होते. जुनं झाकण चांगलं होतं. दोघांच्या मधली जागा चांगली नव्हती.

इथे मी माझं अमूल्य मत दिलं. "उंच झाकण घ्या ना सरळ!"

बाजारात दोन उंच्या सर्रास मिळतात. बुटकी झाकणं साधारण अडीच-पावणेतीन इंच आणि उंच साधारण साडेतीन-पावणेचार इंच. म्हणजे जवळजवळ एक इंच जास्त, आठ सूत. प्रश्न सुटला. मी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून दाखवली. छान ॲल्युमिनियमची, पंख्या पंख्यांची. खाली लिहिलेलं, की 1986 पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकला बसतात. (1987 पासून बोल्ट कडेचे जाऊन मधोमध आले, म्हणून ही तारीख. त्या हेडना ही झाकणं लागतच नाहीत. आणि त्या हेडचे रॉकरही वेगळ्या जातीचे, त्यांची यांच्याशी अदलाबदल करायची नसते.) 1974 हे 1986 च्या आधी येतं, एवढं गणित मला जमतं. तात्या म्हणाले, "तू इंजिनियर आहेस, तू म्हणतोस तर मागव." मागवली.

मधे आठवडा गेला. या आठवड्यात ऑफिसात जे झालं ते आता सांगतो. त्याचा झाकणाशी संबंध आहे, थोडा धीर धरा.

आमचा क्लायंट मोठा आहे, हजारो कामगार. त्यांच्या प्रणालीत कामगाराचा क्रमांक आठ आकड्यांचा होता, तो दहा आकड्यांचा करायचा होता. काम माझ्याकडे. मी केलं, माझ्या भागाच्या सगळ्या चाचण्या हिरव्या. मला विचारलं तेव्हा मी अभिमानाने म्हणालो, "माझ्याकडून झालंय." बदल गुरुवारी रात्री लागला. शुक्रवारी समजलं की पुढे कुठेतरी एक जुना प्रोग्रॅम आहे. तो माझी फाइल वाचतो आणि नवव्या जागेपासून ओव्हरटाइमचे तास सुरू होतात असं धरून चालतो. आता नवव्या जागेवर क्रमांकाचेच आकडे. त्याने त्या ओळी सदोष म्हणून बाजूला टाकल्या. एका कारखान्यातल्या लोकांच्या पगारात त्या आठवड्याचा ओव्हरटाइम आलाच नाही.

तो जुना प्रोग्रॅम सांभाळते पुण्यातली एक मुलगी. नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही. शुक्रवारच्या कॉलवर सगळे तिलाच विचारत होते, तुझा प्रोग्रॅम का पडला? तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. ती "मी बघते, मी बघते" एवढंच म्हणत होती. मी म्यूटवर होतो. मी काही खोटं बोललो नाही. माझा भाग खरोखरच बरोबर चालत होता!

असो. शनिवार उजाडला. खोकं उघडलं. झाकणं दिसायला अप्रतिम. उजवीकडचं झकास बसलं. डावीकडचं बसेना.

इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून ब्रेकचा बूस्टरही डावीकडे. पॉवर ब्रेकसाठी मागच्या भिंतीवर जो मोठा गोल डबा असतो तो. उंच झाकणाचा मागचा कोपरा थेट त्या डब्याला अडला. तिरकं करून, मागून, पुढून, सगळ्या तऱ्हेने घालून पाहिलं. आणि कसंबसं बसवलं असतं तरी चालताना इंजिन आपल्या रबरी पायांवर हलतं, तेव्हा त्याने बूस्टरला धडका दिल्या असत्या. उजवीकडेही अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला ते अगदी खेटून होतं. शिवाय त्यात आत तेल अडवणारा पडदाच नव्हता. इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह याच झाकणावर बसतो. त्याच्याखाली पडदा नसेल तर तो वाफेबरोबर उडालेलं तेलही ओढतो आणि ते जळून मागून निळा धूर. एक धूर बंद करायला निघालो होतो आणि दुसऱ्याची सोय करत होतो.

"पण बसतात असं लिहिलंय की," मी म्हणालो.

तात्या शांतपणे म्हणाले, "बोल्टची भोकं जुळतात, एवढंच लिहिलंय त्यांनी. तुझे रॉकर त्यांनी कुठे पाहिलेत? माझा बूस्टर तरी कुठे पाहिलाय?"

मला एकदम शुक्रवारचा कॉल आठवला. कॉफी कडू लागली.

रात्री नऊ वाजता काकांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रविवारची सकाळ, साडेसहा. काका उठून चहा पीत बसलेले. त्यांना फोन फिरवून इंजिन दाखवलं. त्यांनी शेव्हरोलेचं इंजिन जन्मात पाहिलेलं नाही. म्हणाले, "बाळ्या, किती कमी पडतंय?"

मी म्हटलं, "काका, टेकतंय ते."

"टेकतंय ते दिसतंय मला. किती कमी पडतंय?"

मी गप्प. दोन शनिवार, दोन झाकणं, परतीचा टपालखर्च, आणि मी एकदाही मोजलं नव्हतं. किती कमी पडतंय हे माहीत नसताना आठ सूत विकत घेऊन मोकळा झालो होतो! सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे, मी तर सूतही न बघता निघालो होतो.

मोजायची पद्धत तात्यांना माहीत होती, कंटाळा केला होता एवढंच. मुलांची खेळायची चिकणमाती आणायची. रॉकरना आणि नटांना थोडं तेल लावायचं, म्हणजे माती चिकटत नाही. झाकणाच्या आत जिथे जिथे नट आणि रॉकर येतात तिथे मातीच्या पट्ट्या चिकटवायच्या. जे पॅकिंग खरोखर वापरणार तेच घालून झाकण हलकं आवळायचं. मग स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पूर्ण दोन फेरे. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. तेवढ्यात सोळाही रॉकर आपापल्या सगळ्यात वरच्या जागी एकदा तरी जाऊन येतात. झाकण काढायचं, माती सगळ्यात पातळ कुठे झाली ते बघायचं, ब्लेडने कापून जाडी मोजायची. शेवटी माती कणभरही आत राहू द्यायची नाही, नाहीतर ती तेलाच्या वाटा बुजवते.

रविवारी सकाळी बसलो. आधी जुन्या झाकणाच्या आतल्या जिभा कापल्या. त्या पत्र्याच्या रॉकरसाठी होत्या. रोलर रॉकरला पुशरॉडमधून वर येणारं तेल पुरतं. कडा कानशीने घासल्या, कीस पुसला. मग माती. जिभा गेल्यावर रॉकर आरामात मोकळे. फक्त दोन पॉलीलॉकच्या जागी माती कागदासारखी झाली होती, पलीकडचा पत्रा दिसत होता. बाकीच्या नटांवर बरी जाडी होती.

म्हणजे कमी काय पडत होतं? तात्यांचा नियम असा, की कुठेही किमान अर्धं सूत तरी मोकळं हवं. म्हणजे आम्हाला हवं होतं अर्ध्या सुताच्या आसपास. एका इंचाचा सोळावा भाग! आणि मी इंचभर विकत घेतला होता.

उपाय मग अगदी मामुली निघाला. जुनं पॅकिंग दीड सूत जाड होतं, अडीच सुताचं सहज मिळतं. एक सूत वाढलं. आवळल्यावर पॅकिंग थोडं दबतं ते वजा. परत माती लावली, परत फिरवलं, कापलं. अर्ध्या सुताहून किंचित जास्त. बोल्ट तेवढ्याच मापाने लांब घेतले, आणि बोल्टखाली लांबट पट्ट्या टाकल्या म्हणजे दाब पसरतो. नाहीतर पत्र्याची कड बोल्टपाशी वाकते आणि मधेच तेल सोडते. आपण गळतंय म्हणून आणखी आवळतो आणि ती आणखी वाकते. गाडी सुरू केली. आवाज नाही, धूर नाही. तात्यांनी मला नोव्हातून आइस्क्रीम खायला नेलं.

आता माझं मत.

उंच झाकण वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. शर्यतीच्या गाडीत रॉकरचे सगळे खांब एकमेकांना बांधणारी जाड पट्टी बसवतात, तिला उंच झाकणाशिवाय गत्यंतर नसतं. ज्याच्या गाडीत बूस्टरच नाही त्याने खुशाल उंच घ्यावं. आणि खरं सांगायचं तर आठवड्यातून एकदा आइस्क्रीम आणायला जाणाऱ्या नोव्हाला रोलर रॉकरच लागत नव्हते. पत्र्याच्या वाट्या अजून वीस वर्षं चालल्या असत्या. पण हौसेला मोल नसतं, आणि तात्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या केल्या आहेत. ते सोडून द्या.

माझं म्हणणं आहे ते 'बसतं' या शब्दाबद्दल. झाकण विकणारा सांगतो, माझं झाकण या इंजिनाला बसतं. खरं आहे. रॉकर विकणारा सांगतो, माझा रॉकर या इंजिनाला बसतो. तेही खरं आहे. दोघंही खरं बोलतात आणि तरी टक् टक् होते. कारण रॉकर आणि झाकण यांच्या मधली जागा कुणीच विकत नाही. तिला पार्ट नंबर नाही, तिची पावती नाही, तिच्यावर वॉरंटी नाही. मूळ कारखान्यात रॉकर, नट, झाकण, जिभा, बूस्टर हे सगळं एकत्र मांडून कुणीतरी ती जागा राखली होती. ज्या क्षणी आपण त्यातली एक वस्तू बदलतो, त्या क्षणी ती राखण आपल्याकडे येते. विकणाऱ्याकडे नाही, जुन्या झाकणाकडे तर नाहीच. ज्याने बदललं त्याच्याकडे.

आणि आपण आयटीवाले काय करतो? (मी करतो, तुम्ही करत नसाल तर उत्तम.) आपला भाग तपासतो आणि "माझ्याकडून झालंय" म्हणतो. पुढे काही खटखटलं की जे खटखटतंय त्याच्याकडे बोट दाखवतो. आवाज झाकणातून येतोय ना, मग झाकण बदला. पुण्यातल्या मुलीचा प्रोग्रॅम पडला ना, मग तिला विचारा. तिचा प्रोग्रॅम म्हणजे ते जुनं झाकण होतं. इतकी वर्षं मुकाट्याने तेल धरून बसलेलं. जाड रॉकर मी बसवला होता.

दुसरी सवय म्हणजे, अडचण मोजायच्या आधीच मोठ्यात मोठा उपाय मागवायचा. शुक्रवारच्या कॉलवर एका साहेबांनी तो सगळा जुना प्रोग्रॅमच नव्याने लिहायचं सुचवलं होतं. तेव्हा मला ते पटलंही होतं. तो प्रोग्रॅम आणखी कुणाला काय देतो, त्याचा कोपरा कुठल्या बूस्टरला अडेल, कुणालाच माहीत नव्हतं. कमी पडत होत्या फक्त दोन जागा. दोन आकडे!

सोमवारी सकाळी कॉलवर मी म्यूट काढला. म्हणालो, चूक तिच्या प्रोग्रॅमची नाही. फाइलचा आराखडा मी बदलला, तो कोण कोण वाचतं ते शोधायचं काम माझं होतं, मी केलं नाही. शुक्रवारीच बोलायला हवं होतं, तेही केलं नाही. दोन-तीन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, आपण वेगळं बोलू." ते वेगळं बोलणं काही फार गोड झालं नाही. वर्षाअखेरच्या रेटिंगमध्ये काय व्हायचं ते होईल.

त्या मुलीने दुपारपर्यंत तिच्याकडच्या जागा दोनने पुढे सरकवल्या. मी ती फाइल वाचणारे आणखी दोन प्रोग्रॅम शोधून काढले. ते महिनाअखेरीला चालतात, म्हणून अजून पडले नव्हते. लोकांचा ओव्हरटाइम बुधवारी जमा झाला. पाच दिवस उशिरा. कुणाचं घरभाडं त्यात अडकलं असेल, मला माहीत नाही. ती यादी माझ्यापर्यंत येत नाही, आणि येत नाही म्हणूनच मी शुक्रवारी म्यूटवर बसू शकलो असं आता वाटतं.

उंच झाकणं परत पाठवली. टपालखर्च मी दिला, तात्या नको नको म्हणत होते तरी. मातीचा उरलेला गोळा मात्र मागून घेतला. माझ्या ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय, निळा आहे. लोक विचारतात, लहान मुलं आहेत का घरी? मी म्हणतो, नाही, मोजायला ठेवलाय. :)

काकांना काल सांगितलं की अर्धं सूत मिळालं. ते म्हणाले, "मग दोन शनिवार काय करत हुतास?"